पहिल्याच वर्षी ट्रॅक्टर नको

दादा, वाळव्यात दोन एकर घेतलंत, मनापासून अभिनंदन! पण यंदा ट्रॅक्टर भाड्यानंच लावा. एवढ्याशा रानासाठी हप्ता अंगावर घेऊ नका.

आधी एवढंच घ्या:
- ग्रासकटर. बांधाचं गवत पावसाळ्यात थांबत नाही.
- पाठीवरचा बॅटरी पंप. तणनाशकाला वेगळा ठेवा, नाहीतर पुढच्या फवारणीत पीकच जळेल.

उसाच्या भरणीसाठी, म्हणजे बुडाला माती चढवायला, पॉवर टिलर पुढच्या वर्षी बघू.

नवखे चुकतात ते ओल्या रानात रोटर (माती बारीक करणारं ट्रॅक्टरचं अवजार) घालून. कृष्णाकाठची काळी जमीन अशानं घट्ट होते, ढेकळं निघतात, मुळं खाली जात नाहीत. मूठभर माती दाबा; चिकटली तर थांबा, भुसभुशीत फुटली की वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, आला.

अनुदान हवं असेल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज करा आणि पूर्वसंमती आल्यावरच खरेदी करा.