जबाबदारी माझी, अधिकार कुणाचा?

प्रश्न : डॉक्टर ताई, मी सांगलीत एका पतसंस्थेच्या वसुली विभागात नऊ वर्षं आहे. काम कधी टाळलं नाही. पण दिवाळीपासून रात्री अकरालासुद्धा ग्रुपवर थकबाकीदारांची यादी येते आणि सकाळी सगळ्यांसमोर नाव घेऊन जाब विचारतात. हळदीचा दर पडला तर शेतकरी हप्ता भरणार कुठून? मुदत वाढवणं, दंड सोडणं, यातलं काहीच माझ्या हातात नाही. पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडतं. ईसीजी नॉर्मल आला. बायको म्हणते, मनाला लावून घेऊ नका. मीच कच्च्या मनाचा आहे का?
(एक वाचक, विश्रामबाग)

उत्तर : नाही दादा, अजिबात नाही. ईसीजी करून घेतलात हे बरं केलंत. आता तुमचंच एक वाक्य पुन्हा वाचा : 'यातलं काहीच माझ्या हातात नाही.' दुखणं तिथं आहे. कामाच्या ताणाचा अभ्यास करणारे संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये हेच मांडलं होतं. कामाचा रेटा मोठा आणि ते कसं करायचं हे ठरवायचा अधिकार नाही, अशा जोडीनं माणूस सगळ्यात जास्त खचतो. लंडनच्या सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल अभ्यासात तर कामावर ताबा कमी असणाऱ्यांत हृदयविकारही जास्त आढळला. म्हणून धडधडीला 'मनाचे खेळ' म्हणू नका. वहिनींनाही हे वाचायला द्या.

मार्चमध्ये माझ्याकडे वसुलीची माणसं येतात. त्यातली बरीच जूनमध्ये शांत झोपू लागतात. मन तेच असतं, कामाचा रेटा तेवढा उतरलेला असतो.

दोन आठवडे वहीत लिहा : मेसेज किती वाजता आला, झोप किती लागली. मग ती वही घेऊन व्यवस्थापकांकडे जा, पण एकटे नको, वसुलीचे दोघं-तिघं मिळून. मागणी नेमकी ठेवा. यादी संध्याकाळी सहाच्या आत यावी, विचारणा खोलीत बसवून व्हावी, आणि ठरावीक रकमेपर्यंत महिनाभर मुदत द्यायचा अधिकार तुम्हाला मिळावा. चारचौघांत नाव घेऊन बोलण्याची मला फार चीड आहे, तो मुद्दा सोडू नका.

त्या दोन आठवड्यांतही झोप सुधारली नाही, तर सांगली-मिरजेत मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांना भेटा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर रात्रीअपरात्रीही मोफत, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटलं, तर मात्र वहीची वाट न पाहता त्याच घटकेला वहिनींना उठवा आणि फोन लावा.