सहा फुटांच्या फळीवर डायमंड क्रॉसिंग की बोरघाट?

भाऊ, तुमच्याकडे ६ बाय २ फुटांचा प्लाय आहे आणि एचओमध्ये (१:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेत) आपल्या नागपूरचं डायमंड क्रॉसिंग करावं की बोरघाटातलं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, बोरघाट करा.

डायमंडचं वेड मलाही आहे. पण तिथे रूळ रुळाला नुसता छेदतो, गाडी या मार्गावरून त्या मार्गावर वळत नाही. सगळी मजा लांबून येणाऱ्या गाडीत असते. आयसीएफचा (चेन्नईच्या कारखान्यातला) प्रवासी डबा २२ मीटरच्या वर, म्हणजे १:८७ ने २५ सेंटिमीटर. पाच डबे आणि इंजिन लावलं की फळी जवळपास भरलीच. शिवाय छेदणारे रूळ उलट विजेचे असतात, म्हणून मध्ये वीज अडवणारा प्लास्टिकचा तुकडा येतो. माझं छोटं चारचाकी इंजिन नेमकं तिथेच मरायचं. पुढे कधी केलंच तर नकाशा नीट काढा: मुंबई आणि चेन्नईकडच्या गाड्या नागपुरातून एकाच बाजूने निघतात, फुटतात त्या सेवाग्रामपाशी.

आता बोरघाट. १८६३ साली घाटातून गाडी सुरू झाली तेव्हा खंडाळ्याजवळच्या कड्यावर वळण घ्यायला जागाच नव्हती. म्हणून गाडी बंद टोकाच्या फाट्यावर सरळ आत न्यायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचं, सांधा (गाडीला दुसऱ्या रुळावर वळवणारा जोड) बदलायचा आणि उलट तोंडाने पुढचा चढ चढायचा. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि हे सगळं गेलं. जागेच्या टंचाईतून जन्मलेली रचना आहे ही, म्हणूनच आपल्या घरातल्या टंचाईत ती चपखल बसते.

मॉडेलमध्ये सगळा हिशेब त्या आतल्या फाट्याच्या लांबीवर. जुने चारचाकी डबे एचओत साधारण १० सेंटिमीटरचे धरा. तीन डबे मावतील एवढी बाजूची लूप (दोन्ही टोकांना मुख्य रुळाला मिळणारी लाइन) हवी आणि लूपच्या पुढे इंजिनापुरता शेपटीसारखा तुकडा. तो तुकडा आखूड पडला तर इंजिन सांध्यावरच अडकतं, गाडीला वळसाच घालता येत नाही. फाटा अगदी सपाट ठेवा, नाहीतर सोडलेले डबे घरंगळतात. चढ मात्र घाटातलाच घ्या, ३७ ला १. ९० सेंटिमीटरला जेमतेम अडीच सेंटिमीटर उंची, तीन डब्यांना सहज झेपते. आणि इथे वीज उलटीपालटी होत नाही, डावा रूळ शेवटपर्यंत डावाच राहतो. गोल फिरून स्वतःलाच मिळणाऱ्या लूपमध्ये हमखास शॉर्ट होतो, ती कटकटच नाही.

नॅरोगेजकडे मन ओढलं तरी हीच रचना चालेल. आपल्याकडचा ७६२ मिलिमीटरचा गेज १:८७ ने पावणेनऊ मिलिमीटर होतो, म्हणजे एन गेज या लहान मापाच्या मॉडेलचे ९ मिलिमीटरचे तयार रूळ जवळपास तंतोतंत बसतात. नागपुरातल्या मोतीबागच्या नॅरोगेज रेल्वे म्युझियममध्ये जाऊन डब्यांच्या खिडक्या आणि पायऱ्या डोळे भरून पाहून या.

रूळ विकत घेण्याआधी वर्तमानपत्रावर पूर्ण मापात सांधे आखा, त्यावर तुमचं इंजिन आणि तीन डबे ठेवून हाताने अख्खी फेरी करून बघा. जिथे इंजिन अडेल तिथला फोटो इथे टाका, मी मापं काढून देतो.