कोलोनचं मूळ नाव

प्रश्न : जर्मनीतल्या कोलोन शहराचं लॅटिन नाव काय? त्याचा अर्थ सांगाल का?

उत्तर : नाव चांगलं लांबलचक आहे : कोलोनिया क्लाउडिया आरा आग्रिप्पिनेन्सियम. कोलोनिया म्हणजे रोमन वसाहत, क्लाउडिया हे सम्राट क्लॉडियसवरून, आरा म्हणजे वेदी. उरली आग्रिप्पिना. ही क्लॉडियसची राणी, जन्म इ.स. 15 मध्ये तिथलाच. इ.स. 50 मध्ये तिने नवऱ्याकडून जन्मगावाला वसाहतीचा दर्जा मिळवून दिला. बाई भलती वजनदार! पाथरवटांनी मात्र एवढं सगळं कोरायचा कंटाळा केला असावा. उत्तर वेशीच्या कमानीवर नुसती चार आद्याक्षरं आहेत, सी सी ए ए. पुढे लोकांच्या तोंडी ‘कोलोनिया’ एवढंच राहिलं. त्याचं जर्मनमध्ये क्योल्न झालं. आपण म्हणतो ते कोलोन फ्रेंचांकडून आलेलं.