शर्ट बांगलादेशचा, उतरला न्हावाशेव्याला

प्रश्न : नौपाड्यातल्या दुकानातून मुलाला शर्ट घेतला, आत लेबल 'मेड इन बांगलादेश'. आमचे जावई म्हणतात, दरडोई उत्पन्नात तो देश केव्हाच आपल्यापुढे गेला. खरं आहे का? आणि तुम्ही न्हावाशेव्याला क्लिअरिंगच्या, म्हणजे कस्टममधून माल सोडवण्याच्या धंद्यात होतात, तिथे हा माल येतो का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेतो, तो माझ्या हातचा आहे. येतो. १७ मे २०२५ला आपल्या सरकारने ठरवलं की बांगलादेशी तयार कपडे जमिनीवरच्या कुठल्याही नाक्यातून आत घ्यायचे नाहीत. फक्त कोलकाता आणि न्हावाशेवा या दोन बंदरांतून. तोवर त्यांच्या बेनापोल नाक्याहून ट्रक निघाला की पलीकडे आपलं पेट्रापोल, संपलं. आता आपल्या पश्चिम भागासाठीचा माल चितगावला बोटीत चढतो आणि सगळ्या द्वीपकल्पाला वळसा घालून उरणच्या बाजूला उतरतो. चितगाव कर्णफुली नदीवरचं बंदर, पाण्याला खोली कमी. मोठी बोट तिथे लागत नाही म्हणून फीडरने, म्हणजे लहान बोटीने, कोलंबो नाहीतर सिंगापूर गाठायचं, ही तिथल्या निर्यातदारांची जुनी डोकेदुखी.

इथे बिल ऑफ एन्ट्रीसोबत (कस्टमला द्यायचा आयातीचा अर्ज) साफ्टा या दक्षिण आशियाई देशांच्या व्यापार करारातलं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल कुठल्या देशात बनला त्याचा दाखला, जोडावं लागतं. ड्युटीची माफी त्या एका कागदावर मिळते. तपासणीला पेटी फोडतात, कॉलर उलटी करून लेबल वाचतात, इनव्हॉइसशी ताडतात. कुठे तफावत निघाली की माल सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात) पडून, आणि भाडं चढत राहतं. (आयातदाराचे फोन त्याहून जास्त चढतात.)

माझ्या मते त्या देशाचं सगळं अर्थकारणच अशा कागदावर उभं आहे. १९७९मध्ये 'देश गारमेंट्स'ने १३० माणसं कोरियाच्या देवू कंपनीकडे शिवणकाम शिकायला पाठवली. पुढे सरकारने दोन सोयी दिल्या. बॉण्डेड वेअरहाऊसमध्ये, म्हणजे कस्टमच्या देखरेखीतल्या गोदामात, कापड बिनड्युटी ठेवा आणि परदेशी गिऱ्हाइकाच्या एलसीवर (पैसे मिळतील अशी बँकेची हमी) कापडासाठी दुसरी एलसी उघडा. म्हणजे खिशात भांडवल नसलेल्यालाही कारखाना टाकता आला. २००१पासून युरोपने अल्पविकसित देश म्हणून ड्युटी माफ केली. आज निर्यातीतला ८० टक्क्यांहून जास्त वाटा कपड्यांचा आहे. लाखो बायका त्यावर कमावत्या झाल्या, आणि २०१३मध्ये राणा प्लाझा कोसळून अकराशेच्या वर माणसं दगावली तीही त्याच धंद्यात.

जावयांचं म्हणणं हवेतलं नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्या वर्षीच्या दरडोई उत्पन्नाचा अंदाज काढला : बांगलादेश १,८८८ डॉलर, भारत १,८७७. अकरा डॉलरचा फरक, तोही कोविडने आपलं कंबरडं मोडलेल्या वर्षातला. त्यावर घरात भांडू नये. पण बांगलादेशाचा तेव्हाचा रुबाब खरा होता. २०२१मध्ये त्यांनी श्रीलंकेला २० कोटी डॉलर उसने दिले, २०२२मध्ये जागतिक बँकेने हात काढून घेतलेला पद्मा पूल स्वतःच्या पैशाने खुला केला. मग डॉलरची गंगाजळी आटली आणि २०२३मध्ये त्यांनाच नाणेनिधीचं कर्ज घ्यावं लागलं. ऑगस्ट २०२४मध्ये तिथल्या पंतप्रधान हसीनाबाई देश सोडून इथे आल्या, त्यानंतर दिल्लीशी बिनसलं. एप्रिल २०२५मध्ये आपण त्यांना आपल्या बंदरा-विमानतळांतून तिसऱ्या देशाला माल पाठवायची दिलेली मुभा काढून घेतली, मेमध्ये नाके बंद केले. शेजाऱ्यांत वजन वाढवायला त्यांना वीस वर्षं लागली असतील. उतरायला दोन महिने पुरले.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. अल्पविकसितांच्या यादीतून बाहेर पडायला संयुक्त राष्ट्रांनी २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख दिली. ती पुढे ढकला म्हणून तिथल्या कारखानदारांनी धोशा लावला. बढती नको म्हणणारे विरळाच, पण त्यांचं गणित बरोबर आहे. युरोपची माफी त्यानंतर तीन वर्षं चालेल, पुढे माफी हवी तर युरोप विचारणार : शिवलंत तुम्ही, कापड कोणाचं? बनियन-टीशर्टवाले निभावून नेतील, त्यांचं सूत बरंचसं तिथेच निघतं. शर्ट-पँटचं कापड मोठ्या प्रमाणावर चीनहून येतं, आणि तसलं कापड काढणाऱ्या गिरण्या तिथे तीन वर्षांत उभ्या राहत नाहीत.