अॅल्युमिनियमच्या कारखान्याला स्वतःचं कोळशाचं वीजकेंद्र का लागतं?

तुम्ही विचारलंय की ओडिशा-छत्तीसगडमध्ये अॅल्युमिनियमच्या कारखान्याला लागून कंपनीचं स्वतःचं कोळशाचं वीजकेंद्र का असतं, सरकारी ग्रिडची वीज का चालत नाही, आणि आता तरी हे लोक सोलरवर का जात नाहीत.

ओडिशातल्या अशाच एका वीजकेंद्रात माझी बावीस वर्षं गेली, आधी बॉयलर डेस्कवर आणि नंतर शिफ्ट इनचार्ज म्हणून. तिथे सगळे त्याला सीपीपी (कॅप्टिव्ह पॉवर प्लांट, म्हणजे कारखान्याचं स्वतःपुरतं वीजकेंद्र) म्हणतात, मीही तेच म्हणतो.

इतर कारखान्यांत विजेवर यंत्रं फिरतात. अॅल्युमिनियममध्ये वीज हाच कच्चा माल. बॉक्साइटपासून अॅल्युमिना नावाची पांढरी पूड होते. तिच्यातला ऑक्सिजन धातूला इतका घट्ट धरून असतो की तो सोडवायला एक किलो अॅल्युमिनियममागे साधारण १४ युनिट वीज खर्च होते. आपल्याकडच्या कोळशावर एका युनिटला पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो. म्हणजे घरातल्या दोन किलोच्या कुकरमागे २१ किलो कोळसा. त्या कोळशात ४० टक्क्यांपर्यंत राख असते, तेव्हा आठेक किलो राखही. हा हिशोब मी नवीन पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचो.

एवढी वीज लागते म्हणून स्वस्त हवी, हे झालं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं पॉटरूममध्ये गेल्याशिवाय कळत नाही.

पॉट म्हणजे आतून कार्बनचं अस्तर दिलेली पोलादी पेटी. तिच्यात ९५० अंशांच्या वर तापलेला क्रायोलाइट नावाच्या क्षाराचा रस, त्यात विरघळलेला अॅल्युमिना, वरून कार्बनचे अॅनोड आणि तळाशी साचत जाणारा धातू. एका पॉटला लागतात चार-साडेचार व्होल्ट, टॉर्चच्या तीन सेलांइतके. प्रवाह मात्र प्रचंड. नाल्को या सरकारी कंपनीच्या ओडिशातल्या अंगुलच्या कारखान्यात तो १ लाख ८० हजार अॅम्पिअर आहे. तुमच्या घरातला एमसीबी बहुधा ३२ अॅम्पिअरचा असेल. गणपतीच्या मखराला लावायची जुनी दिव्यांची माळ आठवा. तसे २४० पॉट एका माळेत, तिला पॉटलाइन म्हणतात, आणि अशा चार माळा. एका माळेलाच १८०-१९० मेगावॅट लागतात, रात्रंदिवस, दिवाळीलासुद्धा. म्हणून त्या कारखान्याशेजारी १२० मेगावॅटचे दहा संच उभे आहेत, कोळसा जवळच्याच तालचेर खाणपट्ट्यातून येतो.

तो रस गरम राहतो तो फक्त त्याच्यातून वाहणाऱ्या प्रवाहामुळे. खाली शेगडी नाही. वीज गेली की पॉट निवायला लागतो. पहिला तासभर निभतं. तीन-चार तासांनी रस दगड होतो, आणि गोठलेल्या रसातून वीज जात नाही, म्हणजे वीज परत आली तरी उपयोग नाही. मग दगड फोडायचा ब्रेकर लावून पॉट फोडून काढायचा आणि नवं अस्तर घालायचं. १ डिसेंबर २०१६ ला ऑस्ट्रेलियातल्या पोर्टलंडच्या स्मेल्टरची, म्हणजे अॅल्युमिनियम काढणाऱ्या कारखान्याची, वीज ट्रान्समिशन लाइनच्या बिघाडामुळे काही तास गेली. पॉट इतके गोठले की उत्पादन एक तृतीयांशावर आलं, आणि कारखाना वाचवायला सरकारला पैसे घालावे लागले.

आमच्याकडची एक रात्र सांगतो. जुलै महिना, तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. कोळसा चिखल झाला होता. असा कोळसा बंकरमध्ये चिकटून बसतो, फीडरखालची चूट, म्हणजे कोळसा खाली सोडणारी नळी, चोक होते, कोळसा दळणाऱ्या मिलला कोळसा मिळत नाही. भट्टीतली ज्योत हलायला लागते आणि स्कॅनरला ती दिसली नाही की बॉयलर आपोआप ट्रिप होतो. बंकर फ्लोअरवर आठ-दहा जण घणाने चुटीवर ठोकत होते. तो आवाज कंट्रोल रूमपर्यंत येत होता. अशा वेळी ज्योत धरून ठेवायला ऑइल गन, म्हणजे भट्टीत तेल फवारणारे बर्नर, लावतात. त्या रात्री एका बॉयलरच्या दोन गन मेंटेनन्समध्ये होत्या. लॉगबुकमध्ये ते मीच लिहिलं होतं, पण वर फोन करून सांगितलं नव्हतं. ती माझी चूक होती.

दोन संच वीस मिनिटांच्या अंतराने गेले. तेवढ्यात वीज पडून आम्हाला ग्रिडशी जोडणारी टाय-लाइनही गेली. आम्ही एकटे पडलो आणि वीज कमी पडून फ्रिक्वेन्सी घसरायला लागली. सगळं केंद्र बसू नये म्हणून रिलेने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या संरक्षक यंत्रणेने, एक पॉटलाइन तोडली. रिलेने बरोबरच केलं. पॉटरूमचा शिफ्टवाला दर दहा मिनिटांनी फोन करायचा. पहिल्यांदा विचारलं, "दादा, कितना देर?" नंतर नुसतं "दादा?" एवढंच म्हणायचा आणि थांबायचा. त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दोन तास चाळीस मिनिटांनी लाइन परत घेतली. पहाटे मी तिकडे गेलो. एकेका पॉटचं व्होल्टेज चारवरून तीसच्या पुढे उडत होतं, आणि ती माणसं हिरवे बांबू रसात खुपसून अॅनोडखालचा वायू मोडत होती. बांबू चरचरत पेटायचा, की लगेच दुसरा हातात. त्या लाइनीतले अकरा पॉट मेले. आमच्याकडे हाच शब्द आहे, पॉट मेला. त्यानंतर माझ्या शिफ्टमध्ये गन बंद असली की आधी फोन आणि मग लॉगबुक.

म्हणून सीपीपी. ग्रिडची जोडणी असतेच, पण ग्रिड कोसळलं तर स्वतःला तोडून घेऊन पॉट जिवंत ठेवता आले पाहिजेत. ३१ जुलै २०१२ ला दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड एकदम गेलं तेव्हा पूर्वेकडच्या काही कारखान्यांची केंद्रं अशीच बेटासारखी चालू राहिली.

सुरुवात कोळशाने झाली नव्हती, हेही सांगायला हवं. हिराकुडचा स्मेल्टर १९५९ मध्ये तिथल्या धरणाच्या विजेवर सुरू झाला, उत्तर प्रदेशातल्या रेणुकूटचा १९६२ मध्ये रिहंद धरणाच्या. पुढे धरणाच्या विजेत शेती आणि शहरंही वाटेकरी झाली. रेणुकूटने त्याच दशकात सिंगरौलीच्या कोळशावर रेणुसागर वीजकेंद्र उभं केलं आणि तीच वाट पुढे बाकीच्यांनी धरली.

बॉक्साइटपासून अॅल्युमिना काढणाऱ्या रिफायनरीचं कारण जरा वेगळं. कोरापुटमधल्या दामनजोडीलाही कोळशाचे बॉयलर आहेत, पण तिथे मुख्य गरज वाफेची. बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात शिजवायचं, नंतर द्रावण आटवायचं, सगळं वाफेवर. तीच वाफ आधी टर्बाइनमधून नेली की वीज जवळपास वरकडीत मिळते. नुसती सोलर पॅनेलं लावून ती वाफ येणार नाही.

कोळशाची बाजू घ्यायला मी हे लिहीत नाही. राखेच्या तलावाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर एप्रिल-मेमध्ये करडा थर बसतो, तो मी बावीस वर्षं पाहिलाय. आणि कोळशाचाही भरवसा उरलेला नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात टंचाई झाली तेव्हा कोळसा आधी ग्रिडला वीज देणाऱ्या केंद्रांना गेला आणि सीपीपीवाले कोळशाच्या मालगाडीची वाट बघत बसले.

आता सोलर. दिवसा वीज देता येईल, प्रश्न रात्रीचा आणि लागोपाठच्या ढगाळ दिवसांचा. नॉर्वे आणि आइसलंड धातू काढतात ते जलविद्युत आणि भूगर्भातल्या उष्णतेवर, तिथे हा प्रश्न येत नाही. चीनने बरेच स्मेल्टर आपल्या युनान प्रांतात धरणांच्या विजेसाठी नेले आणि २०२२-२३ मध्ये नद्या आटल्यावर तिथले पॉट बंद करावे लागले. आपल्याकडे पंप्ड स्टोरेज (जादा विजेवर पाणी वर चढवायचं आणि लागेल तेव्हा खाली सोडून वीज करायची) जोडून चोवीस तास हरित वीज घ्यायचे करार होऊ लागलेत. माझ्या मते रस्ता तोच, सोबत पॉटही थोडा लवचिक करावा लागेल. जर्मनीत एसेनच्या ट्रिमेट कंपनीने पॉटच्या बाहेरच्या भिंतींना उष्णता कमी-जास्त सोडणारे एक्स्चेंजर बसवले. त्यामुळे वीज पाव हिश्श्याने वर-खाली केली तरी पॉट तग धरतो. असं काही इथे करायचं झालं तर मी एकाच लाइनीपासून सुरुवात करेन, पाऊस संपल्यावर, आणि पहिलं वर्षभर सीपीपीचे दोन बॉयलर गरम ठेवून.