स्कॉलरशिप नाही, तरी बास्केटबॉलसाठी छोट्या कॉलेजात पाठवायचं का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या पालकांना पण कळावं म्हणून थोडक्यात मांडते. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता, मुलगा अकरावीत म्हणजे ज्युनिअर इयरला आहे, सहा फूट एक इंच, शाळेच्या व्हार्सिटी म्हणजे मुख्य टीमचा पॉइंट गार्ड (बॉल हाताळून खेळ चालवणारा), जीपीए म्हणजे मार्कांची सरासरी चारपैकी ३.८, कॉम्प्युटर सायन्स करायचंय आणि चार वर्षं कॉलेजच्या टीमकडून खेळायचंच आहे. पेनसिल्व्हेनियातल्या दोन आणि ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजच्या कोचचे ईमेल आलेत. तुमच्या मिस्टरांचं म्हणणं, ज्या कॉलेजचं नाव कुणी ऐकलं नाही तिथे वर्षाला ऐंशी हजार डॉलर भरायचे आणि खेळाची एक पैशाची स्कॉलरशिप नाही, त्यापेक्षा आपल्याच राज्याच्या रटगर्स युनिव्हर्सिटीला जा, संध्याकाळी जिममध्ये हवं तेवढं खेळ. मुलगा दोन आठवडे बाबांशी नीट बोलत नाहीये आणि तुम्ही मधे.

मिस्टरांचं काय बरोबर आहे ते आधी सांगते, कारण बरंच बरोबर आहे. ही तिन्ही कॉलेजं डिव्हिजन थ्रीची आहेत आणि डिव्हिजन थ्रीत खेळाची स्कॉलरशिप द्यायला नियमानेच बंदी आहे. कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेने १९७३ साली कॉलेजांचे तीन गट म्हणजे डिव्हिजन पाडले, वन सगळ्यात वरचा, तेव्हापासून हा गट असाच चालतो, आज चारशेच्या वर कॉलेजं त्यात आहेत. कोच कितीही गोड बोलला तरी "तुझ्या जंप शॉटसाठी एवढे पैसे" असं तो म्हणूच शकत नाही. पैसे मिळतात ते दोनच कारणांनी, एकतर घरची परिस्थिती बघून नाहीतर मार्क बघून.

पण म्हणून डिव्हिजन थ्री म्हणजे नापास झालेल्यांची जागा, हे मात्र अजिबात मनात ठेवू नका. हायस्कूलला खेळणाऱ्या शंभर मुलांतली तीन-चारच मुलं एनसीएएच्या कुठल्याही डिव्हिजनला पोचतात, आणि डिव्हिजन वनचा दरवाजा तर आता आणखी अरुंद झालाय, कारण २०१८ ला ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलायचं असलेल्या खेळाडूंची यादी) आलं तेव्हापासून मोठे कोच अठरा वर्षांचा पोरगा घेऊन त्याला घडवत बसण्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजातला बावीस वर्षांचा तयार खेळाडू उचलतात. वरून नाकारलेली चांगली चांगली पोरं त्यामुळे खाली येतात आणि सगळ्याच पातळ्यांवर खेळ कडक झालाय. डंकन रॉबिन्सन २०१३-१४ ला विल्यम्स कॉलेजकडून खेळला, म्हणजे डिव्हिजन थ्रीतच, त्या वर्षी त्यांची टीम नॅशनल फायनलला गेली आणि दोन पॉइंटनी हरली, मग तो मिशिगनला गेला आणि पुढे मायामी हीटकडून एनबीएत. हे उदाहरण तुमच्या मुलाला पाठ असणार. त्याला प्रेमाने सांगा की असं कधीतरी एखाद्याचं होतं, त्यावर प्लॅन करायचा नाही. पण मिस्टरांना पण सांगा की अशी मुलं जिथे खेळतात त्या गटाला ऐरागैरा म्हणता येत नाही, तुमचा मुलगा शाळेत स्टार असला तरी तिथे पहिलं वर्ष बेंचवर जाण्याची शक्यताच जास्त.

आता पैसे, कारण घरातलं खरं भांडण तिथे आहे. तुम्ही लिहिलंय दोघंही आयटीत आहात, म्हणजे परिस्थिती बघून मिळणारी मदत तुम्हाला फारशी मिळणार नाही असं धरून चला. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, बोडन ही सगळ्यात नावाजलेली छोटी कॉलेजं फक्त गरज बघूनच मदत देतात, मार्कांसाठी डिस्काउंट नाही, त्यामुळे तुमच्यासारख्या घराला तिथे जवळजवळ पूर्ण बिल येतं. याच्या उलट वूस्टर, डेनिसन, गेटिसबर्ग, मुह्लेनबर्ग अशी ओहायो-पेनसिल्व्हेनियातली कॉलेजं चांगल्या मार्कांसाठी मेरिट स्कॉलरशिप देतात आणि छापलेल्या फीमधून बरीच रक्कम कमी होऊ शकते. म्हणून ऐंशी हजार हा आकडा धरून भांडत बसू नका. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता तुम्हाला साधारण किती पडेल ते तो सांगतो, २०११ पासून कायद्याने ठेवावाच लागतो, एका शनिवारी दोघांनी मिळून तिन्ही कॉलेजांचे आकडे त्यात भरा. काही कॉलेजांचा कॅल्क्युलेटर मार्क विचारत नाही, तिथे अ‍ॅडमिशन ऑफिसला सरळ ईमेल टाकून विचारायचं, त्यात लाज कसली.

आणि एक गोष्ट पत्रात कुठेच नव्हती म्हणून मला आश्चर्य वाटलं. डिव्हिजन थ्री तुमच्या दारात आहे की! ट्रेंटनजवळ यूइंगला द कॉलेज ऑफ न्यू जर्सी आहे, सरकारी कॉलेज, साधारण सात हजार मुलं, राज्यातल्या मुलांना इन-स्टेट फी, अभ्यासात चांगलं नाव आणि टीम डिव्हिजन थ्रीत. रोवन, स्टॉकटन, माँटक्लेअर स्टेट पण त्याच लीगमध्ये. इतकंच काय, ज्या रटगर्सवरून भांडण चाललंय त्याच्या न्यूअर्क आणि कॅमडेनच्या शाखा डिव्हिजन थ्रीतच खेळतात. होबोकनचं स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट खाजगी आणि महाग आहे पण कॉम्प्युटर सायन्ससाठी उत्तम आणि मेरिट देतं. फिलाडेल्फियाजवळचं स्वार्थमोर सोळाशे-सतराशे मुलांचं कॉलेज, प्रवेश मिळायला फार कठीण, आणि त्यांची टीम २०१९ ला नॅशनल फायनलला होती. म्हणजे "रटगर्स की छोटं कॉलेज" हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो, मधे इतके रस्ते आहेत.

कोचच्या ईमेलबद्दल. तीनपैकी दोन ईमेल मला कँपचं आमंत्रण वाटतात, काही शे डॉलर भरा आणि या असे. ते शेकडो मुलांना जातात, तो इंटरेस्ट धरू नका. इंटरेस्ट खरा आहे का ते कळायची एक साधी खूण आहे, कोच ट्रान्स्क्रिप्ट मागतो का बघा. ज्याला मुलगा खरंच हवाय तो ज्युनिअर इयर संपल्यावर उन्हाळ्यात मार्कांचा कागद अ‍ॅडमिशन ऑफिसला नेऊन आधीच विचारून घेतो, याला प्री-रीड म्हणतात. सगळीकडे तसंच होतं असं नाही, पण अभ्यासात कडक असलेल्या कॉलेजांत हाच मोठा टप्पा असतो. "आम्हाला तू खूप आवडलास" हे वाक्य फुकट असतं हो, अ‍ॅडमिशन ऑफिससमोर तोंड उघडायला कोचला स्वतःची पत खर्च करावी लागते. आणि कोच कितीही म्हणो, प्रवेशाचं पत्र कॉलेजकडून येईपर्यंत काही पक्कं नाही.

अर्ली डिसिजनचं पण बघून घ्या. बरेच कोच म्हणतील नोव्हेंबरला अर्ली डिसिजन भर, मग मी जोर लावतो. ते फॉर्म भरणं म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं असा शब्द देणं, मग वूस्टरने किती दिले आणि मुह्लेनबर्गने किती हे समोरासमोर ठेवून तोलता येत नाही. तुमच्यासाठी मेरिटचे पैसे महत्त्वाचे आहेत, तर हा शब्द फक्त अशाच कॉलेजला द्या जिथला आकडा दोघांना आधीच मान्य आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. कॉलेजच्या अ‍ॅथलेटिक्स साइटवर जुने रोस्टर, म्हणजे दर वर्षीच्या टीमच्या याद्या, असतात. मुलाला घेऊन बसा आणि मागच्या पाच वर्षांचे रोस्टर शेजारी शेजारी लावा, फर्स्ट इयरला आलेली मुलं मोजा, मग त्यातली चौथ्या वर्षाला किती उरली ते मोजा. सहा आली आणि चौथ्या वर्षी चार दिसतायत तर तिथे बेंचवर बसणाऱ्यालाही राहावंसं वाटतं. दहा आली आणि एक उरला तर कोच काय बोलतो ते ऐकायचीसुद्धा गरज नाही, कारण काही छोटी कॉलेजं फीसाठीच रोस्टर फुगवतात, पंचवीस-पंचवीस मुलं घेतात आणि मॅचच्या दिवशी अर्धी ड्रेस घालून नुसती बसतात. बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचचा आकड्यांचा तक्ता, पण उघडा, फर्स्ट इयरचा गार्ड किती मिनिटं खेळतो ते दिसतं. कोचच्या पद्धतीवर पण खूप असतं, आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजने डेव्हिड आर्सेनो कोच असताना पाचच्या पाच खेळाडू थोड्या थोड्या वेळाने बदलायची पद्धत ठेवली, पळत राहा, प्रेस करा म्हणजे समोरच्यांवर सतत दबाव ठेवा आणि लांबून तीन पॉइंटचे शॉट मारा, २०१२ ला त्यांच्या जॅक टेलरने एका मॅचमध्ये १३८ पॉइंट केले ते त्यातूनच. याउलट काही टीम सात-आठ जणांवर अख्खा सीझन काढतात. तुमच्या मुलाला कुठे आनंद मिळेल ते त्यालाच विचारा, दोन्हीत बरोबर-चूक काही नाही.

हे मी इतकं पोटतिडकीने लिहितेय कारण माझ्या हातून एकदा चूक झालीये. काही वर्षांपूर्वी एका मुलाला मी एका छोट्या कॉलेजला जा म्हटलं, सगळं कोचकडे बघून, माणूस खरंच चांगला होता, मला पण आवडला होता. मे महिन्यात त्या कोचला दुसरीकडे नोकरी मिळाली. नव्या कोचने स्वतःची मुलं आणली, आणि त्या पोराला हवा तो विषय तिथे धड नव्हताच, मी तो नीट तपासला नव्हता. दीड वर्षात तो परत आला. त्याच्या आईचा फोन मला अजून आठवतो. तेव्हापासून मी प्रत्येक मुलाला हेच विचारते की उद्या कोच गेला, किंवा ऑक्टोबरमध्ये गुडघा गेला, तर तू या कॉलेजात राहशील का? उत्तर द्यायला तो जरा जास्त वेळ घ्यायला लागला तर ते कॉलेज लिस्टमधून काढायचं.

कॉलेजची तब्येत पण बघा. फिलाडेल्फियाजवळचं कॅब्रिनी २०१२ ला बास्केटबॉलच्या नॅशनल फायनलला होतं आणि २०२४ ला ते कॉलेजच बंद झालं. त्याच वर्षी अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न बंद झालं, तेही डिव्हिजन थ्रीच. विद्यार्थी दरवर्षी कमी होतायत का, विभाग बंद होतायत का, एवढं तरी शोधाच, बातम्यांत सापडतं. कॉम्प्युटर सायन्सला किती प्रोफेसर आहेत हे पण मोजा, काही ठिकाणी दोन-तीनच असतात आणि हवा तो कोर्स वर्षाआड येतो. लॅब आणि प्रॅक्टिस एकाच वेळी आली तर काय करतात हे कोचला नाही, टीममधल्या सायन्सच्या मुलाला विचारायचं, तो खरं सांगतो.

आणि हे घरात आधीच बोलून ठेवा, प्रॅक्टिस ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होते आणि टीम ख्रिसमसनंतर लगेच कॅम्पसवर परत येते. म्हणजे चार वर्षं डिसेंबरची भारताची ट्रिप त्याच्यासाठी जवळजवळ बंद. आजीला हे पहिल्या वर्षी अचानक कळलं की फार लागतं, मी पाहिलंय.

आता काय करायचं. यापुढचे ईमेल मुलाने स्वतः लिहायचे, तुम्ही नाही. कोच आईबाबांचा ईमेल वाचून मुलाबद्दल मत बनवतात आणि ते चांगलं नसतं. तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ, एका पूर्ण मॅचची लिंक, मार्क, उन्हाळ्यातल्या एएयू म्हणजे शाळेबाहेरच्या क्लब टीमच्या टुर्नामेंटचं वेळापत्रक, बास. हजारो डॉलर घेऊन "आम्ही रिक्रूट करून देतो" म्हणणाऱ्या सर्व्हिसला पैसे देऊ नका, यात तो स्वतः करू शकत नाही असं काही नसतं. पंधरा-वीस कॉलेजांची यादी त्यानेच करू दे, रोस्टरचा हिशोब शेजारी लिहून, आणि मला पाठवू दे.

आत्ता जानेवारी चालू आहे, सीझन फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत आहे. यूइंग आणि होबोकन दोन्ही तुमच्याकडून तासाभराच्या अंतरावर. एखाद्या शनिवारी बाप-लेकांनी दोघांनीच जाऊन मॅच बघावी, तुम्ही घरी राहा. जरा लवकर जा म्हणावं, वॉर्म-अप बघता येईल, आणि जागा अशी पकडा जिथून बेंच दिसतं, न खेळणारी पोरं कशी बसलीत ते बघा. परत येताना गाडीत काय बोलणं झालं ते मला कळवा, मग फोनवर बोलू.

तुमची,
मार्गदर्शक ताई