बेळगावात राहून गोव्यासाठी स्पीडबोट घ्यायची तर 22 फुटी घ्यावी की 28 फुटी?

22 फुटी घ्या. वेगासाठी म्हणून नाही सांगत, ती पाण्याबाहेर काढून ठेवता येते म्हणून सांगतो.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: उद्यमबागेत कारखाना, घरात पाच माणसं, महिन्यातून एक-दोनदा गोवा आणि मधल्या रविवारी हिडकल धरणाच्या जलाशयात फेरी मारायची इच्छा. डोळ्यासमोर दोन जुन्या बोटी आहेत. एक 22 फुटी, मागे 250 हॉर्सपॉवरचं एकच आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेलं इंजिन. दुसरी 28 फुटी, पोटात 8.2 लिटरचं व्ही-एट, 430 हॉर्सपॉवर, स्टर्नड्राइव्ह, म्हणजे इंजिन आत आणि पंख्याचा पाय मागे बाहेर. मी मूळचा खानापूर तालुक्यातला, गोव्यात बोटींच्या इंजिनांचं काम करतो. असल्या दोन्ही तऱ्हेच्या बोटी हाताखालून जातात, म्हणून लिहितोय.

आधी वेगाचं बघू. सपाट पाण्यावर या दोघींत तुम्हाला वाटतंय तेवढा फरक पडणार नाही. 22 फुटी ताशी 85-90 किलोमीटरपर्यंत जाईल, 28 फुटी त्याच्या थोडी पुढे. 180 हॉर्सपॉवर जास्त असूनही एवढंच, कारण तिचं वजन दीडपटीहून जास्त आहे. म्हणजे 28 फुटीला मोजलेले जादा पैसे मीटरवरच्या आकड्याला जात नाहीत. ते जातात लाटेत वेग टिकवायला, आणि तिथे ती खरोखरच वरचढ आहे.

गोव्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळी मांडवीच्या तोंडाशी पाणी तेलासारखं असतं. दुपार झाली की वायव्येचा वारा सुटतो, फेब्रुवारीनंतर तर जोरात. त्यात ओहोटी असेल तर नदीचं पाणी बाहेर धावतं, वारा आत ढकलतो आणि लाटा आखूड, उभ्या होतात. दोन माथ्यांमधलं अंतर फारसं नसतं. 22 फूट म्हणजे 6.7 मीटर, 28 फूट म्हणजे साडेआठ. लांब बोट एका माथ्यावरून निघून दुसऱ्यावर टेकते, आखूड बोट मधल्या खड्ड्यात नाळ (पुढचं टोक) घालते आणि प्रत्येक लाटेला आपटते. तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोल, 24 अंश उताराचा असला तरी आपटणं कमी होतं, थांबत नाही. 1960 च्या मायामी-नासाऊ शर्यतीत असल्या खोल तळाच्या ‘मॉपी’ नावाच्या बोटीनं खवळलेल्या समुद्रात सगळ्यांना मागे टाकलं आणि तेव्हापासून वेगवान बोटींचे तळ बदलले, हे खरंच. पण ती तीस-एकतीस फुटी होती, हे लोक सांगायचं विसरतात.

आणि माणसांचं वजन. पाच जण म्हणजे सव्वातीनशे किलो. 28 फुटीला ते जाणवतही नाही. 22 फुटीचा वेग त्यानं बऱ्यापैकी कमी होतो, शिवाय सगळे मागच्या सीटवर बसले की नाळ वर-खाली डुलत राहते आणि सारखं ट्रिम करत, म्हणजे इंजिनाचा कोन बदलत बसावं लागतं. मग तरीही 22 फुटी का?

कारण बोट तुम्ही चालवणार महिन्यातून दोन दिवस. उरलेले अठ्ठावीस दिवस ती कुठे असणार, यावर सगळं ठरतं. गोव्यातल्या खाडीच्या कोमट पाण्यात बोट नुसती बांधून ठेवली की काही आठवड्यांत तळाला शेवाळ धरतं, मग कालवं बसतात. वेगवान बोटीचा तळ गुळगुळीत राहिला तरच ती वेगवान. खरखरीत झाला की वेग पडतो, पेट्रोल वाढतं आणि इंजिनावर ताण येतो. तळाला विषारी रंग मारून हे लांबवता येतं, पण त्या रंगानंही थोडा वेग जातो आणि तो दरवर्षी मारायला लागतो. म्हणून बोट यार्डात ट्रेलरवर ठेवायची, रविवारी पाण्यात सोडायची, संध्याकाळी काढून गोड्या पाण्यानं धुऊन ताडपत्री घालायची. पेट्रोल आणि ट्रेलर धरून 22 फुटीचं वजन अडीच टनांच्या आसपास जातं, ट्रॅक्टरनं उतारावरून सहज निघते. 28 फुटी चार टनांच्या घरात जाते. तिला क्रेन लागते किंवा यार्डातला मोठा हायड्रॉलिक ट्रेलर, आणि दोन्ही दुसऱ्याच्या वेळेवर चालतात. क्रेनवाला रविवारी येत नाही. मग ‘असू दे की पाण्यात, पुढच्या आठवड्यात येतोयच’ असं होतं आणि पुढचा आठवडा येत नाही. बेळगावकरांच्या बोटींचं हे हमखास ठरलेलं आहे.

त्यात 28 फुटीचं स्टर्नड्राइव्ह. त्याचा खालचा पाय बोटीच्या मागच्या भिंतीतून बाहेर येतो आणि तिथे रबरी बेलो (घडीचे भाते) असतात. ते पाण्यात राहून चिरले की पाणी थेट बोटीत. शिवाय त्या व्ही-एटचे बिडाचे एग्झॉस्ट खाऱ्या पाण्यानं थंड होत असतील, तर ते आतून गंजतात आणि काही वर्षांनी बदलावेच लागतात. तुम्ही फाउंड्रीच्या गावचे, बीड आणि मीठ यांचं काय होतं ते मी सांगायला नको. गंजून भोक पडलं की पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं आणि इंजिन संपतं. आउटबोर्ड मात्र अख्खं वर उचलता येतं, पाण्याबाहेर राहतं, नळ जोडून दहा मिनिटांत धुता येतं.

आता हिडकल. बेळगावहून तासाभराच्या अंतरावर पाणी आहे हे खरं, पण तो जलाशय पाटबंधाऱ्याचा आहे, खासगी स्पीडबोट घालायची तर कर्नाटक नीरावरी निगम या सरकारी पाटबंधारे कंपनीची लेखी परवानगी आधी हातात हवी. ती मिळेल असं धरून बोट घेऊ नका. मिळालीच तर ऑगस्टअखेर ते डिसेंबर एवढाच काळ कामाचा. पुढे पाणी शेतीला आणि प्यायला सुटतं, काठ लांब जातो आणि ट्रेलर चिखलात रुततो. हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उन्हाळ्यात पाण्यातून वर येतं, ते तुम्ही पाहिलं असेल. वर येण्याआधी ते पाण्याखाली हातभर असतं, हा त्याचा दुसरा अर्थ. बुडालेल्या बांधांचं, झाडांच्या खुंटांचंही तसंच. ताशी 80 नं पंखा दगडावर गेला तर गिअरकेससकट जातो.

आणखी एक, हे फारसं कुणी सांगत नाही. हिडकलचं पाणी समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर आहे. दर 300 मीटरला इंजिनाची ताकद साधारण 3 टक्क्यांनी घटते, म्हणजे 250 मधले पंधरा-सोळा घोडे तिथे कमी. गोव्यात बरोबर बसलेला पंखा हिडकलला जड पडतो आणि इंजिन पूर्ण आरपीएमला पोचत नाही. एक-दोन इंच कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी पुढे सरकणारा) दुसरा पंखा ठेवावा लागेल. एक इंचानं 150-200 आरपीएमचा फरक पडतो. इंजिनाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे, म्हणजे अॅनोडही बघा: खाऱ्या पाण्याला जस्ताचे, गोड्याला मॅग्नेशियमचे, दोन्हीकडे जाणार असाल तर अॅल्युमिनियमचे. 28 फुटी चोर्ला घाटातून वर-खाली न्यायचा विचारही करू नका. 22 फुटीसुद्धा हंगामात एकदा-दोनदाच.

पेट्रोल. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं मिळतं आणि आउटबोर्डवाल्या मोठ्या कंपन्या 10 टक्क्यांपर्यंतच चालेल म्हणतात. आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल आपल्याच इंजिनाला त्रास देतं, त्याला काय करणार! इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि टाकी महिनोन्‌महिने भरून राहिली की पाण्यासकट तळाला बसतं. 28 फुटीची टाकी चारशेएक लिटरची असणार, ती तुमच्या वापरात लवकर संपणार नाही. 22 फुटीची निम्म्याच्या आसपास. लागेल तेवढंच भरा आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर वेळेवर बदला. पूर्ण थ्रॉटलला 250 चं आउटबोर्ड तासाला 85-90 लिटर पितं, ते व्ही-एट 130 च्या पुढे. रमतगमत गेलात तर दोन्हीकडे निम्मं धरा.

कागदपत्रांचं थोडक्यात: 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखालची नोंदणी देशभर चालते, त्यामुळे गोवा पासिंग की कर्नाटक पासिंग हा आपल्या भागातला आवडता वाद इथे नको. बोट राहणार तिथे, म्हणजे गोव्यात करा. खाडीबाहेर समुद्रात जायचं असेल तर कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयात ते वेगळं विचारा. नवी बोट घ्यायचा विचार आला तर 22 सप्टेंबर 2025 पासून मौजेच्या बोटींवर 40 टक्के जीएसटी आहे, एवढं ध्यानात असू द्या. चालवायला शिकायला गोव्यातच राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे पॉवरबोटीचा कोर्स करा. किल-स्विचची दोरी (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी) पायाला बांधल्याशिवाय थ्रॉटलला हात नाही, हा नियम घरातल्या पोरांनाही लावा.

28 फुटी कधी घ्या म्हणेन? मरीनामध्ये पक्की जागा, पगारी माणूस, आणि दुपारनंतरही उघड्या समुद्रात लांब जायची सवय, हे तिन्ही असेल तर. तुमच्या लिहिण्यात यातलं एकही दिसलं नाही. 22 फुटी घेऊन सकाळी सातला निघा, अकरा-साडेअकराला परत या. वारा उठायच्या आत जेवढं हिंडायचं तेवढं हिंडून होतं. जून ते सप्टेंबर बोट कोरड्यावर.

पैसे देण्याआधी चाचणी घ्या. ती सकाळी नाही, दुपारी तीननंतर, टाकी भरून, घरच्या पाचही जणांएवढं वजन घेऊन. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम कंपनीनं दिलेल्या हद्दीत, समजा 5000 ते 6000 मध्ये, पोचतो का बघा. मग बोट पाण्याबाहेर काढायला लावा आणि इंजिन बसलंय ती मागची भिंत छोट्या हातोडीनं ठोकत जा. टणक आवाज हवा, बद्द आला तर आतलं प्लायवुड कुजलंय. शेवटी इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला कागद मागा. कुठल्या आरपीएमला किती तास चाललं ते त्यात येतं. विकणारा तो द्यायला टाळाटाळ करू लागला तर भाव पाडून मागत बसू नका, दुसरी बोट शोधा.